यंदाचे मुकुट

बुर्गीने पाठीवर टोपली चढवली आणि ती फाटकाबाहेर पडली, तेवढ्यात लोईसची जीप आली. वरच्या कुरणांवरचं चीज रोज खाली आणणारा हा माणूस. जंगलातला रस्ता संपतो तिथपर्यंत सोडतो, म्हणाला. बुर्गी नको म्हणाली. जीपमध्ये बसलं की बोलावं लागतं, आणि लोईस बोलला तर हवामानावर बोलणार, नाहीतर मुळीच बोलणार नाही. जुलैपासून सगळं गाव तिच्याशी हवामानावरच बोलत होतं. इतकं हवामान या दरीत आजवर कधी झालं नव्हतं.

कालचा निरोपही लोईसनेच आणला होता. वरच्या कुरणावरून तिच्या नवऱ्याने, रोमेडने, सांगून पाठवलं होतं: यंदा मुकुट नाहीत. एवढं सांगताना लोईस आपल्या बुटांकडे बघत होता, आणि सांगून झाल्यावर जीपकडे जवळजवळ पळाला.

उद्या गाई खाली यायच्या होत्या. सबंध उन्हाळा वर काढून कळप गावात उतरतो तो दिवस. उन्हाळ्यात गाई-माणसांपैकी कुणाला काही झालं नसेल, तर गाईंच्या शिंगांवर मुकुट बांधतात: सुईसारख्या पानांच्या स्प्रूस झाडाच्या डहाळ्या, कागदाची फुलं, मधोमध क्रूस. सगळे सुखरूप परत आले, देवा, तुझे उपकार, असं ते म्हणणं. आणि कुणी दगावलं असेल, गोठ्यातलं किंवा घरातलं, तर कळप उघड्या शिंगांनी येतो. मग बघणाऱ्याला काही विचारावं लागत नाही.

बुर्गीचा मुलगा कासिआन जुलैत धुक्यात गेला तो परत आला नव्हता. एक कालवड चुकली होती, तिला शोधायला गेला. कालवड दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पायांनी दारात येऊन उभी राहिली. पोरगा आला नाही. हेलिकॉप्टर आलं, कुत्री आली, खालच्या तीन गावांतले तरुण दोर घेऊन दऱ्यांत उतरले, आणि मग एक दिवस अधिकाऱ्याने टोपी हातात घेऊन सांगितलं की आता शोध थांबवतोय. सापडला नाही म्हणजे मेला नाही, असं बुर्गी म्हणत होती. सापडला नाही म्हणजे काय, हे गाव म्हणत नव्हतं.

बेपत्ता माणसाच्या घरच्या गाईंनी मुकुट घालायचे की नाही, हे कुठल्याच आजोबाने कुणाला सांगून ठेवलेलं नव्हतं. गुत्त्यात यावर बरीच बिअर संपली. पाद्रीबाबांना बुर्गीने विचारलं तर ते म्हणाले, तुझं मन सांगेल तसं कर. पाद्र्याने असं सांगितलं की समजावं, त्यालाही माहीत नाही.

बुर्गीचं मन केव्हाच सांगून मोकळं झालं होतं. ऑगस्टभर बसून तिने कागदाची फुलं केली होती, लाल, पांढरी, सोनेरी. ती आता तिच्या पाठीवर टोपलीत होती, आणि ती रोमेडशी भांडायला चालली होती. भांडण सोपं नव्हतं. एका वर्षी एक दुभती गाय घळीत पडून मेली, तेव्हा रोमेडने अख्खा कळप उघडा आणला होता. त्या वर्षी मिरवणुकीसाठी बाहेरून पाहुणे बोलावलेले होते, पर्यटन कचेरीतला माणूस हातापाया पडला, सरपंच घरी येऊन बसला. रोमेडने सगळ्यांना एकच उत्तर दिलं: गाय माझी मेली, तुमची नाही. एका गाईसाठी जो सरपंचाला उठवून लावतो, तो बायकोला काय जुमानणार.

रस्ता ओढ्याच्या कडेकडेने जंगलात शिरला. आत अंधारलेलं होतं आणि ओल होती. स्प्रूसची झाडं इतकी दाट, की खाली ऊन ठिपक्याठिपक्यांनी पडायचं. बुर्गी चालता चालता भाषण रचत होती. पहिला मुद्दा, पाकीट. पळून गेला असता तर पाकीट घरी राहिलं नसतं, असं रोमेड म्हणणार. पण कासिआन पाकीट विसरण्यात पटाईत. एकदा तर तो लग्नाला जाऊन अहेराचं पाकीटही घरी विसरला होता. दुसरा मुद्दा, हँबर्ग. ईस्टरला पोरगा जेवताना म्हणाला होता की मला जहाजावर नोकरी करायचीय, हँबर्गला जायचंय. रोमेड म्हणाला, जहाजावर गाई नसतात. कासिआन म्हणाला, म्हणूनच. तिथे संपलं ते बोलणं, पण पोराच्या मनात ते संपलं नसणार. धुकं होतं, खिंड ओलांडली की इटली, तिथून आगगाडी. राग शांत झाला की पत्र टाकेल. बापावर गेलाय, राग शांत व्हायला वेळ लागतो.

तिसरा मुद्दा, बूट. गोठ्यातले रबरी बूट घालून कुणी हँबर्गला जातं का, असं रोमेड विचारणार. याला उत्तर नव्हतं. बुर्गीने तो मुद्दा भाषणातून वगळला.

समोरून दोन जण काठ्या टेकत येत होते, नवरा-बायको असावेत, अंगावर नवी कोरी जाकिटं. खालच्या मैदानी मुलखातली माणसं. डोंगरात सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, पण या लोकांना ते जमत नाही, बाईने फार अदबीने विचारलं, "उद्या गाई किती वाजता उतरतात, सांगाल का? मुकुट घातलेल्या?"

"दहाच्या सुमाराला गावच्या पुलावर ये," बुर्गी म्हणाली.

"सगळ्यांना मुकुट असतील ना? आम्ही मुद्दाम राहिलोय."

"असतील," बुर्गी म्हणाली. आणि हे मोठ्याने म्हटल्यावर तिला बरं वाटलं, जणू निम्मं काम झालं. ती भराभर चालू लागली.

ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडला की वाटा फुटतात. तिथल्या झाडावर जुलैत तिने स्वतः कासिआनचा फोटो ठोकला होता, प्लास्टिकमध्ये घालून. कुणाला दिसल्यास कळवावे. पावसाने आत पाणी शिरून त्याचा एक गाल निळसर झाला होता. तो कागद ती दर खेपेला नीट करायची. आज करायला गेली आणि थांबली. झाडाच्या मुळाशी एक लाल दिवा ठेवलेला होता. कबरीवर लावतात तो, पत्र्याच्या झाकणाचा. आत वात जळत होती. कुणीतरी आज सकाळीच लावून गेलं होतं.

बुर्गीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने खाली वाकून दिवा उचलला, झाकण भाजत होतं, बोट भाजलं, तरी सोडला नाही. वात फुंकून टाकली आणि तो अख्खा दिवा ओढ्यात भिरकावला. गावातलंच कुणीतरी. तोंडावर हवामान, आणि पाठीमागे हे. लावायचाच होता तर माझ्यासमोर येऊन लावायचा होतास, ती झाडांना म्हणाली. झाडांनी ऐकून घेतलं. मग तिने कागद पुसला, खिळा दगडाने ठोकून घट्ट केला आणि चढण धरली.

चढण सरळ छातीवर येते. वळणावळणाने वाट वर जाते, मुळांवर पाय ठेवत चढावं लागतं. बुर्गी साठीला टेकलेली, पण ही वाट तिच्या पायांना पाठ होती. रागाने ती नेहमीपेक्षा लवकर चढली. स्प्रूस विरळ होत गेले, मग पिवळी पडलेली लार्चची झाडं लागली, आणि मग जंगल संपून एकदम उघडं. वर समोर खडकांची भिंत, आणि तिच्यावर ताजा बर्फ. शनिवारी रात्री खाली गावात पाऊस झाला होता. म्हणजे इथे बर्फ पडला होता. कुरणावर नव्हता, पण घळींमध्ये आणि त्यांच्या तोंडाशी तो पांढरा भरून बसला होता. तिने तिकडे एकदा पाहिलं आणि मग फक्त झोपडीकडे पाहत चालली. दगडी जोत्यावरची काळी पडलेली लाकडी झोपडी, धुराडं, गोठा, पन्हळीतून कोरलेल्या ओंडक्यात पडणारं पाणी. गाई ओंडक्याभोवती उभ्या होत्या, तुकतुकीत, पोटं भरलेली. इतका चांगला उन्हाळा कळपाला कित्येक वर्षांत गेला नव्हता. एकीच्याही खुराला ओरखडा नाही. त्यांत ती कालवडही होती, निवांत रवंथ करत. बुर्गीने तिला एक शिवी दिली आणि लगेच तिच्या कपाळावर हात फिरवला, कारण तिचा काय दोष.

रोमेड दारात बादली घेऊन उभा होता. जुलैत होता त्याच्या निम्मा उरला होता. दाढी वाढलेली. बुर्गीने टोपलीसुद्धा उतरवली नाही.

"मुकुट लावायचे," ती म्हणाली.

रोमेडने बादली खाली ठेवली. "बरं," तो म्हणाला.

बुर्गीने ते ऐकलं, पण रस्ताभर रचलेलं भाषण असं वाऱ्यावर सोडवेना. तिने ते तसंच सुरू केलं. पाकीट झालं, हँबर्ग झालं, खिंड झाली, इटली झाली. रोमेड ऐकत राहिला. मध्येच त्याने तिच्या पाठीवरची टोपली उतरवून घेतली, फुलं बघितली, छान झालीत म्हणाला. मग कुऱ्हाड घेऊन डहाळ्या तोडायला गेला. बुर्गीचं भाषण अंगणात एकटं पडून संपलं.

ती जिंकली होती. तिने चुलीवर लोखंडी तवा चढवला, लोणी घातलं, पिठाचा मूस, इकडचा सांज्यासारखा पदार्थ, ढवळला, आणि ते दोघं तव्यातूनच खात बसले, एक एका बाजूने, एक दुसऱ्या. ती बोलत होती. उद्या पुलावर किती माणसं असतील, फाल्काच्या शिंगांवर सगळ्यात मोठा मुकुट कसा बसवायचा. फाल्का म्हणजे कळपाच्या पुढे चालणारी गाय. आणि कासिआन कुठेही असला तरी त्याला कुणीतरी फोटो पाठवेल, हल्ली सगळं सगळीकडे दिसतं, तो बघेल की आई-बाप आपली वाट बघतायत. रोमेड हो म्हणाला. मूस जरा अळणी झालाय, ती म्हणाली. नाही, चांगला झालाय, तो म्हणाला.

मग बाहेर बाकावर बसून दोघांनी मुकुट बांधायला घेतले. तो तारेला डहाळ्या गुंडाळायचा, ती फुलं खोचायची. रोमेडचे हात मोठे, गाठी आलेले, पण काम असं हळुवार चाललं होतं की एक पान मोडत नव्हतं. एक फूल तिने वाकडं लावलं. तो काही बोलला नाही. तिने मुद्दाम आणखी एक वाकडं लावलं. तरी तो काही बोलला नाही. त्याने ते नुसतं सरळ केलं.

बुर्गीच्या मनात पाल चुकचुकली. लग्नाला तीसच्या वर वर्षं झाली होती, आणि या माणसाने मिठापासून मतदानापर्यंत एकही गोष्ट वाद घातल्याशिवाय मान्य केली नव्हती. कासिआनचं नाव ठेवतानासुद्धा बाप्तिस्म्याला चर्चच्या पायरीपर्यंत भांडत आला होता.

"तू भांडत का नाहीस?" तिने विचारलं.

"थकलो."

"थकलास तरी भांडतोस तू. आजारपणात भांडतोस. डॉक्टरशी भांडतोस."

रोमेड तार पिळत राहिला. ती वाट बघत राहिली. गाई एकेक करून गोठ्याकडे यायला लागल्या होत्या. रोज संध्याकाळी धार काढून झाली की तो कंदील घेऊन वर घळींकडे जातो, हे तिला लोईसने सांगितलं होतं. पाऊस असो, वारा असो, जातोच. ते ऐकून ती खाली स्वयंपाकघरात रडली होती, आणि बरंही वाटलं होतं.

"आज जाणार ना वर?" तिने विचारलं. "धारा काढून झाल्यावर. मीही येते."

"रविवारपासून गेलो नाही," रोमेड म्हणाला.

"का?"

"बर्फ बसला, बुर्गी. घळी भरल्या. आता खाली काही असेल तर वसंतात."

खाली काही असेल तर. या माणसाने तिच्या पोराला ‘काही’ म्हटलं. तिला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. पण तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत हट्ट नव्हता. हट्ट असता तर तिला बळ आलं असतं.

"काही सापडलं तुला? माझ्यापासून लपवू नकोस."

"काही नाही. टोपीसुद्धा नाही. शपथ."

"मग तुला काय माहीत?"

रोमेडने अर्धा झालेला मुकुट मांडीवर ठेवला. "तो जिवंत आहे असं मला जरा जरी वाटत असतं ना, तर आज तुला फुलं लावू दिली नसती. म्हटलं असतं, कसले लाड, पोरगा आपण होऊन पळाला, येईल नाक घासत, त्याच्यासाठी गाई कशाला नटवायच्या. घरभर भांडलो असतो. आता कुणावर रागावू?"

बुर्गीने हातातलं फूल टोपलीत परत ठेवलं.

"मी अजून रागावलेला असतो," तो म्हणाला, "तर तू ओळखलं असतंस."

"मग मुकुट नाहीत म्हणून निरोप पाठवला होतास. आणि आता हो का म्हणालास?"

"तू दारात आलीस. तुझं तोंड बघितलं. मी इथे गाई घेऊन असतो, मला काम आहे. तू खाली त्या घरात एकटी. म्हटलं, तिला एवढं राहू दे."

"माझी दया करतोस?"

"हो," रोमेड म्हणाला आणि धारा काढायला उठला.

ती बाकावर बसून राहिली. आतून दुधाच्या धारा बादलीत पडल्याचा आवाज येत होता. तिला पाकीट आठवलं, हँबर्ग आठवलं, आणि ती आपल्या मनात तो वगळलेला मुद्दा पुन्हा पुन्हा बघत होती: गोठ्यातले रबरी बूट. थंडी वाढली, तरी ती आत गेली नाही. शेवटी रोमेडने येऊन तिच्या खांद्यावर घोंगडं टाकलं. मुकुट त्याने एकट्याने पुरे केले. सगळे. एकही वाकडा नव्हता.

सकाळी दहिवर पडलेलं होतं. रोमेडने फाल्काला अंगणात उभं केलं, तिच्या गळ्यात मोठी घंटा बांधली आणि शिंगांवर मुकुट चढवला. सोनेरी फुलं उन्हात चमकत होती. फाल्काने मान वळवली तशी घंटा वाजली आणि बाकीच्या गाई तिच्या मागे आपोआप रांगेला लागल्या, त्यांनाही कळतं. रोमेड दुसरा मुकुट घेऊन पुढच्या गाईकडे वळला. त्याचा चेहरा सरळ होता. बुर्गीने तो चेहरा पाहिला. हा माणूस आज आयुष्यात पहिल्यांदा अख्ख्या गावासमोर, आणि ज्या देवाचे उपकार मानायचे त्या देवासमोर, खोटं बोलायला चालला होता. पुलावरून तो टोपी हलवत जाणार होता. लोक टाळ्या वाजवणार होते. आणि हे सगळं तिला हिवाळा काढता यावा म्हणून.

ती फाल्काजवळ गेली. मुकुटाची गाठ घट्ट होती, तिला दात लावावे लागले. गाठ सुटली. मुकुट तिने बाकावर ठेवला.

"बुर्गी," रोमेड म्हणाला.

"गवत आण," ती म्हणाली. "मूठभर."

त्याने गवत आणलं. तिने ते फाल्काच्या घंटेत कोंबलं, बोटांनी दाबून दाबून, लोलक हलेनासा होईपर्यंत. मग तिने एकेका गाईपाशी जाऊन तेच केलं. कालवडीच्या गळ्यात इवलीशी घंटा होती, तिच्यात चिमूटभर गवत लागलं. एवढं झाल्यावर मात्र ती कालवडीच्या मानेला धरून उभी राहिली आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की रोमेडने हातातला मुकुट टाकला आणि धावत तिच्याकडे आला. दोघं बराच वेळ त्या जनावराला धरून उभी होती. कालवड हलली नाही.

मग निघायला हवं होतं. कळप जंगलातून खाली उतरला. घंटा मुक्या, म्हणून खुरांचा आणि ओढ्याचा तेवढा आवाज. पुढे रोमेड, मागे काठी घेऊन बुर्गी. फोटोचं झाड आलं तेव्हा तिने वर पाहिलं नाही, आणि कागद काढलाही नाही. तेवढं तिला आज जमणार नव्हतं.

गावच्या पुलावर गर्दी होती. कालची ती मैदानी मुलखातली बाई कॅमेरा वर धरून उभी होती, तिने तो हळूहळू खाली घेतला. कुणीतरी तिच्या कानात काहीतरी सांगितलं. बँडवाले तयारीत होते. पहिल्या वळणावर फाल्काची उघडी शिंगं दिसली आणि तुतारीवाल्याने तुतारी तोंडापासून काढली. मग बाकीच्यांनीही वाद्यं खाली घेतली. पुरुषांनी टोप्या काढल्या. लोईसने काढली, सरपंचाने काढली. इतक्या माणसांत एक पोर तेवढं विचारत होतं की गाई वाजत का नाहीत, त्याला त्याच्या आईने जवळ ओढलं.

बुर्गी त्या सगळ्यांमधून चालत होती. जुलैपासून जे चेहरे तिला बघून दुकानात शिरत होते, ते आज वळले नाहीत. पुलाच्या टोकाशी फिलोमेना उभी होती, शेजारच्या घरातली, बुर्गीबरोबर शाळेत जाणारी. उन्हाळाभर ती बुर्गीला बघितलं की परसात कपडे वाळत घालायला जायची. ओल्या कपड्यांशिवाय जायची. ती आता गर्दीतून बाहेर आली, गाईंच्या रांगेत शिरली आणि तिने बुर्गीचा हात दोन्ही हातांत धरला. बेपत्ता माणसाच्या घरी कुणी प्रार्थनेला जात नाही. गेलं तर तो मेला असं म्हटल्यासारखं होतं. मेलेल्याच्या घरी मात्र शेजारीपाजारी तीन संध्याकाळी जमतात, जपमाळ म्हणतात, आणि घरच्यांना एकटं सोडत नाहीत.

"बुर्गी," फिलोमेना म्हणाली, "संध्याकाळी येऊ का? जपमाळ म्हणायला?"

बुर्गीने तिच्याकडे पाहिलं. गाई दोघींच्या बाजूने पुढे जात होत्या.

"ये," ती म्हणाली. "सगळ्यांना घेऊन ये. आणि त्याचं नाव घेऊन म्हणा. जुलैपासून कुणी माझ्यासमोर त्याचं नाव घेतलेलं नाही."

"कासिआन," फिलोमेना म्हणाली.